संकष्टी, बर्गनच्या पुढे

हिंगोली डेपोत तीस वर्षं मी
गाड्यांच्या वेळा लिहिल्या.
आता जेवणाच्या टेबलावर नॉर्वेचा नकाशा,
एका फियोर्डवर शेंगदाण्याच्या तेलाचा डाग,
अन् पंख्यानं उडू नये म्हणून
चार कोपऱ्यांवर चार वाट्या.

बर्गन सुटणार संध्याकाळी पाचला.
गेरांगर सकाळी आठ, थांबा नऊ तास.
नऊ तास!
औंढ्याला पाच मिनिटं झाली तरी
कंडक्टर घंटी ओढायचा.

प्रयाग चष्मा पुसते, बोट ठेवते
जमिनीत खोल शिरलेल्या निळ्या चिरेवर.
"ही नदी का?"
"नाही, समुद्रच. डोंगरात घुसलेला."
"कामून?"
मला उत्तर येत नाही.

बिनखिडकीची खोली स्वस्त.
बाल्कनीची घ्यायची तर
सात महिन्यांची पेन्शन वरून.
मी पेन्सिलीनं बेरीज करतो, खोडतो.
ती म्हणते, येलदरीला नावेत
तुम्ही डोळे गच्च मिटले होते,
तुम्हाला कशाला खिडकी?

नांदेडच्या एजंट मुलीला फोन लावला, स्पीकरवर.
जेवण शाकाहारी, लाईफ जॅकेट फुकट, सगळं झालं.
मग प्रयाग वाकून विचारते,
"तिथं दिवस मावळतो ना, बाई?
अन् संकष्टीला चंद्र
डोंगराआडून किती वाजता दिसतो?"

पलीकडे बराच वेळ
नुसती बोटांची टकटक.
"काकू, विचारून सांगते."

मी तक्त्यात एक रकाना वाढवला:
चंद्रोदय.
वेळ कोरी.
आणि कुणाला न विचारता
बाल्कनीपुढं खूण केली.