डाव्या हाताचा अंगठा

उरलेली लोकर मी बटाट्याच्या रिकाम्या पोत्यात ठेवते.
त्रोन्दुर म्हणतो, फेकून दे, उंदीर घर करतील.
फेकू कशी?
हा करडा गुंडा त्याच्याच स्वेटरच्या गळ्यातला,
जो त्याने एकदाच घातला, मान खाजते म्हणून.
हा पांढरा दुरिताच्या बाळाच्या टोपीचा;
टोपी होईस्तोवर बाळाचं डोकं मोठं झालं.
हा निळा कुणाचा, आठवत नाही.
निळ्याचं असंच, कुठूनही येतो, कशालाच पुरत नाही.

फेरो बेटांवरच्या आमच्या गावात घरं एकोणतीस,
दिवा लागतो सातांत.
हिवाळ्यात दुपारी तीनलाच खिडकी सोडून मी दिव्याखाली सरकते
आणि उरल्यासुरल्याचे पायमोजे करते,
टाच एका रंगाची, चवडा भलत्याच.
मासळीच्या कारखान्यातल्या पोरी हसतात
आणि लाद्या गारठल्या की मागून नेतात.

पण हानुसचे हातमोजे तसे नाहीत.
नातू सोमवारी पहिल्यांदा ट्रॉलरवर चाललाय.
म्हणाला, आजी, एकाच रंगाचे हं, तिथे सगळे बघतात.
म्हणून तळातली ती गंजाच्या रंगाची काढली,
नांगराच्या साखळीवर चढतो तसला गंज.
उजवा झाला.
डावा झाला, म्हणजे पंजा झाला.
अंगठ्याची पाळी आली तेव्हा धागा हातभर.

खरं तर मला आधीच कळलं होतं.
लोकर संपत आली की मी भराभर विणू लागते,
जणू ती संपायच्या आत मी पोचेन.
चाळीस वर्षं विणतेय, हा मूर्खपणा काही जात नाही.

लेबल सापडलं. लॉट चारशे सतरा.
ती गिरणी केव्हाच बंद पडली.
तो लॉट आम्ही दोघींनी मिळून घेतला होता,
मी आणि रान्वा, माझी जाऊ.
फेरीच्या डेकवर बसून निम्मा निम्मा केला,
वाऱ्याने उडू नयेत म्हणून गुंडे मांडीखाली दाबून.
मग भावाभावांत कुरणाचं निघालं,
बावीस मेंढ्यांचं गवत.
तिच्या नवऱ्याने एका कागदावर सही केली,
माझ्याने दुसऱ्या.
आठ वर्षं झाली. देवळात आम्ही एकच भजन
दोन टोकांच्या बाकांवरून गातो.

जावेकडे जाऊ की नको जाऊ?
नळ चालू ठेवून हे मी तीनदा मोठ्याने म्हटलं.
मग मोजा खिशात घातला आणि उतार उतरले.

तिने दार उघडलं. या म्हणाली नाही, का आलीस म्हणाली नाही.
मी मोजा पुढे केला,
सेफ्टीपिनेवर अडकलेले सोळा टाके आणि मध्ये भोक.
तिने हात आत घातला
आणि भोकातून बाहेर काढून मला अंगठा दाखवला.

झालं, म्हटलं, मिळालं उत्तर.
वळणारच होते,
तेवढ्यात दिसलं, तिची हनुवटी थरथरतेय.
हसत होती बाई.

पिठाच्या काट्यावर तिने गुंडा ठेवला. चौदा ग्रॅम.
धागा कुरळा, कशातून तरी उसवलेला.
कशातून, ते मी विचारलं नाही.
"पुरेल?"
"पुरेल."
तिच्याच टेबलाशी बसून अंगठा विणला,
ती बटाटे सोलत होती,
रेडिओवर समुद्राचा अंदाज, वारा वायव्येचा.
एकदा टाका निसटला. तिने पाहिलं, बोलली नाही.
मी परत उचलला.

अंगठा किंचित फिका दिसतो.
कुणाच्या लक्षात येणार नाही.
हानुसच्या आलं.
म्हणाला, असू दे, डावा कुठला ते कळेल.

पाच ग्रॅम उरलीय.
रान्वा राहू दे म्हणाली नाही,
परत दे असंही नाही.
पोत्यात टाकली नाही मी अजून.
कोटाच्या खिशात आहे, किल्ल्यांत गुंतलेली.