उसिरु

निपाणीत पहाटे पाचला
हवेलाच तपकिरीची धार असते.
विहारात आम्ही चौघं, पोत्याच्या घडीवर,
भिंतीकडे तोंड.
भिंतीला चुना, चुन्याला पोपडे,
त्यातला एक अगदी हिडकल धरणासारखा.
ते बघायचं नसतं. श्वास मोजायचे,
एक ते दहा, परत एक.

सनदी कंडक्टरांनी हे बसणं गावात आणलं,
चिकोडी डेपोतून निवृत्त झाल्यावर,
कुणा जपानी भंतेंकडून.
झेन म्हणजे काय, विचारलं
तर म्हणाले, सुट्टे पैसे परत देणं.

सातावर आलो की पलीकडून खोकला.
हौसाक्काचा. मध्ये फक्त पत्रा.
चाळीस वर्षं विड्या वळल्या तिनं,
तोंडात एकही धरली नाही.
परत एक. दोन. सातावर पुन्हा तेच.
राग आला, खोटं कशाला सांगू.
वळून पाहिलं
तर सनदींचं पोतं रिकामं, अजून ऊबदार.

एका हातानं ते तिची पाठ चोळत होते,
दुसऱ्यात पिकदाणी.
मला म्हणाले, राख आण.
तेव्हापासून पिकदाणी माझ्याकडे.
काठ नीट घासावा लागतो,
काठातच राहतं सगळं.

"काय मोजायलाईस रं?"
ओठ हलत असावेत माझे.
"श्वास."
ती हसली, हसण्यातच पुन्हा उबळ.
"माझं बी मोज की. लई न्हाईत.
पंचवीसचा कट्टा भरतोय का बघ."

नर्स महादेवी आली ती बंदच्या दिवशी.
पाटीवर कुठली भाषा, यावरून चौकात टायर जळत होते.
रिक्षा नाही, म्हणून स्टँडपासून चालत,
चपलेचा अंगठा तुटलेला.
तिला मराठी येत नव्हतं.
नळीचं गार टोक पाठीला लावून म्हणाली,
"उसिरु तगोळ्री... बिडरी."
मी बिडी ऐकलं आणि दचकलो.
बिडरी म्हणजे सोडा.
उसिरु म्हणजे तेच,
जे आम्ही पोत्यावर बसून मोजतो.

हौसाक्कानं छाती भरून घेतली,
भरते तेवढीच.
कितवा होता, मोजायचं राहून गेलं.

कोपऱ्यात सनदी
विडीचा उरलेला दोरा सात पदरी करून
महादेवीची चप्पल शिवत बसले होते,
भिंतीकडे तोंड.