औषध

रेफरलच्या कागदावर इंटर्नचं घाईचं अक्षर:
‘औषध घेतल्याची हिस्टरी. आता स्टेबल. मानसोपचार मत द्यावे.’
माझा मिरजेतला नववा दिवस.
मी ठाण्याची. औषध म्हणजे गोळी, सिरप,
फार तर इंजेक्शन.
भावाला विचारलं, कुठलं औषध? किती मिलिग्रॅम?
तो बघत राहिला माझ्याकडे,
मग म्हणाला, ‘बागंचं, मॅडम.
फवारायचं.’

खाट अकरा. रोहिणी कोळेकर, वय चोवीस,
सावळजच्या पुढं वस्ती.
नाकात नळी, केसांत अजून तो वास.
कसं वाटतंय?
‘बरं हाय.’
झोप? ‘बरी.’ जेवण? ‘बरं.’
पुस्तकात उदासीला पानभर शब्द आहेत.
सावळजात एकच,
आणि त्याचा अर्थ बरोबर उलटा.

मी फॉर्म उघडला. म्हणीचा अर्थ विचारायचा असतो,
विचार किती अमूर्त चालतो ते कळायला.
‘नाचता येईना, अंगण वाकडं. म्हणजे काय?’
तिनं पहिल्यांदा डोळे वर केले.
‘म्हंजे वाकडंच असंल की.
कुणी जाऊन बघितलंय का?’
चौकटीत काय भरावं कळेना. रेघ मारली.
ती रेघ अजून तिथं आहे.

रात्री हनगंडी मॅडमना केस सांगितली:
लग्नाला सहा वर्षं, एक मुलगी, नवरा ट्रकवर, सासूशी पटत नाही.
मॅडम म्हणाल्या, ‘एवढं गेटवरच्या चहावाल्यालाही ठाऊक असेल.
त्या सकाळी तिनं काय शिजवलं होतं, विचारलंस?’
पहाटे विचारलं.
‘शेवग्याची आमटी. समद्यांचं झाकून ठिवलं हुतं.’
आणि मग रडली,
माझी ड्युटी संपली तरी.

डिस्चार्जला आईला समजावलं,
‘रोज रात्री औषध द्यायचं, न चुकता.’
आईच्या हातातली पिशवी खाली आली.
मी बोलले ते वाक्य आणि तिनं ऐकलं ते,
एका अक्षराचाही फरक नव्हता.
तेव्हापासून मी ‘गोळी’ म्हणते.

गोळ्या सातच दिल्या.
भाऊ म्हणाला, दर आठवड्याला यष्टीचं भाडं,
वर दिवसाचा खाडा. महिन्याच्या द्या की एकदम.
खरं कारण तिच्यासमोर सांगायचं कसं?
तीच म्हणाली,
‘दादा, त्यास्नी भ्या वाटतंय.’

पहिल्या मंगळवारी आली. दुसऱ्या मंगळवारी आली,
आईनं सांगितलं: तुमच्या गोळ्या न् बागंचं,
दोन्ही एकाच पेटीत, कुलूप घालून,
किल्ली हितं. आणि छातीवर हात ठेवला.
तिसऱ्या मंगळवारी नाही.

ओपीडी दोनला संपते. मी साडेतीनपर्यंत बसले.
मामा झाडू मारून गेले, पंखा बंद करून गेले.
नंबर लावला. बराच वेळ वाजला, मग कुणी म्हातारा:
‘रोहिणी? रानात हाय.’
‘रानात काय करतेय?’
माझाच आवाज मला चिरका वाटला.
‘थिनिंग चाललंय न्हवं.’

मोबाइलवर शोधलं. दाट घडातले काही मणी
हातानं काढून टाकायचे,
उरलेल्यांना फुगायला जागा व्हावी म्हणून.
बारीक कात्री लागते.
कात्रीपाशी थोडा वेळ थांबले.

शुक्रवारी आली, आमची ओपीडी नसताना.
बोटं काळपट हिरवी.
‘गोळ्या संपून तीन दिस झालं.’
कापलेली पट्टी टेबलावर ठेवली,
खळगे फोडलेले. मी मोजले.
मोजताना तिनं मला पाहिलं.
कसं वाटतंय?
खिडकीबाहेर कुणाचं तरी स्ट्रेचर अडकलं होतं उंबऱ्याला,
ते सुटेपर्यंत ती गप्प होती.
‘ह्यो आठवडा लई वाईट गेला,’ म्हणाली.

लिहून घेतलं, तिच्याच शब्दांत.
पुन्हा सात दिल्या.