किरित्सु

सकाळी आठ चाळीसला
वर्गप्रमुख ओरडतो: किरित्सु!
म्हणजे उभे राहा.
तेहतीस खुर्च्या एकदम मागे सरकतात.
तेवढा आवाज माझ्या खोलीपर्यंत येतो,
दोन जिने उतरून.
मग तेहतीस माना वाकतात, त्याला आवाज नसतो.
ऑक्टोबरपासून मात्र मागाहून एक आवाज येऊ लागला,
कुणीतरी खुर्चीत परत कोसळल्याचा.

कोझुए ओनोदेरा. तेरा वर्षं.
आरोग्यखोलीच्या वहीत महिन्यात अकरा वेळा.
कारणाच्या रकान्यात माझंच अक्षर:
डोकं दुखतं. डोकं दुखतं. मळमळ.
डोळ्यांपुढे अंधारी. डोकं दुखतं.
आणि शेजारी पेन्सिलीनं, कुणाला दिसू नये इतकं फिकं:
पहिला तास गणिताचा?

वर्गशिक्षक कुमागाई म्हणाले,
चार वाजता येऊन बघा,
ट्रॉम्बोन कसा खणखणीत वाजवते ते.
वडील म्हणाले, मी रात्री दोनला उठतो,
साकाताच्या धक्क्यावर स्क्विडच्या पेट्या उचलतो,
हिला सातला उठवत नाही.
रात्री नऊला हसते, भात दोनदा घेते.
सोंगालाच असं वेळापत्रक असतं, बाई.

आजारालाही असतं.
हे मला तेव्हा बोलता आलं नाही,
कारण मला ते ठाऊक नव्हतं.

इस्पितळाचा कागद आला होता.
रक्त ठीक. हृदयाचा आलेख ठीक. मेंदूचं चित्र ठीक.
घरी जाताना बसमध्ये तो पुन्हा वाचला
आणि एका थांब्यावर, कोणत्या ते आठवत नाही,
लक्षात आलं:
हे सगळं तिला आडवं निजवून तपासलंय.
पोरगी तर उभं राहिल्यावर पडते.

दुसऱ्या दिवशी पडदा ओढला,
दहा मिनिटं निजवलं. नाडी अडुसष्ट.
मग म्हटलं, ऊठ. भिंतीला टेकू नकोस. बोलू नकोस.
मनगट माझ्या हातात, नजर घड्याळावर.
दोन मिनिटं: एकशे चार.
पाच: एकशे सतरा.
रक्तदाब जागचा हलत नव्हता,
मोजे काढलेली पावलं मात्र जांभळी होत चाललेली,
जणू सगळं रक्त तळमजल्यावर उतरलंय
आणि वर कुणी दार उघडत नाहीये.
आठ: एकशे एकवीस.
ती नुसती उभी होती.
नुसती उभी,
आणि आत कुणीतरी डोंगर चढत होतं.

दहा मिनिटं पुरी होऊ दिली नाहीत मी.
बसवलं. ती रडली नाही.
म्हणाली, म्हणजे आकडा आहे?

आकडा होता. तो कागदावर लिहून
यामागाताच्या बालरोगतज्ज्ञांकडे पाठवला.
नाव त्यांनी दिलं, लांबलचक.
मग मीठ, दिवसाला दोन लिटर पाणी, घट्ट मोजे,
उठण्याआधी बिछान्यातच पाय हलवणं.
बरं व्हायला वेळ लागेल, म्हणाले.
किती, ते म्हणाले नाहीत.

तेत्सुरो म्हणून एक मुलगा होता, अकरा वर्षांपूर्वी.
त्यालाही सकाळीच व्हायचं.
मी त्याला सांगितलं होतं: रात्री लवकर झोपत जा.
वसंतात त्यानं शाळेत येणंच सोडलं.
त्याची वही शोधली परवा.
पाच वर्षांनी वह्या फाडून टाकतात,
त्यामुळे माझं अक्षर मला खोडता आलं नाही.

काल दुपारी कोझुएचे वडील आले,
गमबूट दाराबाहेर काढून,
खारवलेल्या उमेबोशीची बरणी घेऊन.
मोजायला शिकवा, म्हणाले.
पेट्यांनी जाड झालेली दोन बोटं
त्यांनी लेकीच्या मनगटावर ठेवली,
दाबली, उचलली, पुन्हा ठेवली.
निजलेलीची मोजली. मग उभीची.
पन्नासच्या पुढे त्यांचे ओठ चुकले,
आकडे हातातून निसटले.
थांब, म्हणाले, पुन्हा एकदा,
पुन्हा उ—

आणि तो शब्द तोंडातच धरून
त्यांनी तिला खुर्ची सरकवली.