टेलचं पाणी

मॅडम सळई फिरवतात हिरडीच्या कडेकडेने,
आकडे सांगतात, मी लिहून घेते.
तीन. तीन. पाच. सहा.
मानवतच्या मोंढ्यात कापसाचं वजन
एक जण ओरडतो, दुसरा वहीत चढवतो,
तसंच आमचं. फक्त इथे
आकडा वाढला की माल गेलेला असतो.

लिंबाजी उफाडे, वय त्रेपन्न,
नवरंग बँडमध्ये क्लॅरिनेट.
पहिल्यांदा आला तेव्हा एवढंच म्हणाला,
वरचा दात हालतो, बाई,
अक्षयतृतीयेपर्यंत टिकवून द्या,
अकरा वराती घेतल्यात.
सहा. सात. आठवर सळई थांबली
आणि रक्त आलं, बोलावल्यासारखं.

कधीपासून येतं?
तो हसला. हे तं घरचंच हाय.
पत्ती लाल झाली की धुवायची.
खिशातल्या डबीत होत्या चार-पाच,
टोकाला गंजासारखा डाग असलेल्या.
सीझन झाला की येतो, म्हणाला.

नववी वरात. पाथरी रोड.
घोडी नाचत होती आणि सूर मधेच फाटला.
डाव्या हातात कळ, तर म्हणे वाद्य धरून धरून.
कुणीतरी सोडा पाजला.
मग नांदेड.
दोन स्टेंट.

घरी सोडताना तिथले डॉक्टर म्हणाले, तोंड उघडा.
"दुखलं छातीत अन् बघता तोंडात, कामून?"
ती चिठ्ठी घेऊन तो परत आमच्या दारात,
सदरा दोन मापं मोठा झालेला.

मॅडम समजावत बसल्या,
सूज, जंतू, रक्तवाहिनीचं अस्तर.
तो मान हलवत होता, बिल ऐकताना हलवतात तशी.
मी टेलच्या गावची. म्हटलं, काका,
वरच्या चारीला कुणी काय धुतलं, काय टाकलं,
आमच्याकडे पाण्याला वास येतो की नाही?
पाट एकच.

तो गप्प झाला. मग हळूच,
म्हंजे हिरडीनंच केलं व्हय?

मॅडम खरं बोलतात, म्हणून गर्दी कमी असते.
म्हणाल्या, तसं नाही सांगता येत.
तंबाखू होती, साखर होती, जागरणं होती.
हिरडीचं आणि काळजाचं नातं आहे,
पण ते कोणाकडून लागतं
हे अजून कुणाला नीट लागलेलं नाही.
एकाच मांडवात दोघं दिसतात, एवढं खरं.
उभा जन्म मांडवात गेलेल्या माणसाला
तेवढं पुरलं.

रक्त पातळ करायची गोळी बंद करायची नाही, लिंबाजी.
रक्ताचं मी बघते.
चार बैठका. खापरीसारखे तुकडे निघत गेले,
मी बोळा दाबून उभी.
मशीन शिटी घालत होतं,
त्याने बोटांनी खूण केली, तोंड रिकामं झाल्यावर सांगितलं,
तुमचं मशीन काळी चारमध्ये गातंय, बाई,
जरा उतरलंय.

तीन महिन्यांनी
तीन. दोन. तीन. तीन. चार.
सहाची वाट बघत माझं पेन वर राहिलं.
वराती आता बंद. नातवाला शिकवतो,
पण पत्ती ओठाला लावायच्या आधी
पोराचा जबडा धरून आत बघतो,
बाजारात गोऱ्हा बघावा तसा.
पोरगं चिडतं.

त्या रात्री मी चूळ भरली.
बेसिनमध्ये गुलाबी धागा उतरत गेला,
मी नळ सोडला, नेहमीसारखा,
आणि या वेळी ते पाणी जाताना बघत राहिले.

सकाळी पेशंट यायच्या आधी खुर्चीत जाऊन बसले.
मॅडम, माझे आकडे सांगा.
लिहून कोण घेणार, ते मग बघू.