जागेची पाहणी

पुण्याच्या पाककला कॉलेजची माणसं आली
वेंगुर्ल्याच्या पेठेत, काथ्याच्या बंद गोदामात.
कुलूप मीच उघडलं,
खोबरेल सोडलं तेव्हा कुठे फिरलं.

मॅडमनी जमिनीवर खडूने चौकोन आखले:
इथे बेकरी, इथे शीतगृह,
तिथे तीस शेगड्या, तीस मुलं.
पाण्याचा दाब विचारला. पार्किंग विचारलं.
मग नाकाला रुमाल,
"हा वास कायमचा का?"

शेजारी सुक्या बांगड्यांचा बाजार.
नगरपरिषदेचे परुळेकर म्हणाले,
"चारनंतर वारा फिरतो."
फिरतो खरा. वास असतो तिथेच.

दारात जयवंती कधीची उभी,
कोपरापर्यंत तांबोशीचे खवले.
"धावी नापास चलता काय?"
"मुलीसाठी विचारताय?"
"नाय. माका."

माहितीपत्रक पाठवू म्हणाल्या.
पत्ता घ्यायचा राहिला.

गाडी गेली, त्याला आता दोन महिने.
कळवतो म्हणालेत.
मी झाडू मारतो तो खडूच्या रेघा सांभाळून,
का, ते मला विचारू नका.

काल बाजार उठल्यावर जयवंती आली.
चपला बाहेर काढल्या,
खिडकीकडचा चौकोन बघितला
आणि आत जाऊन उभी राहिली,
हात पदराला पुसत.