निशाणी

गंगेत उभी केली मला, गुडघाभर पाण्यात,
कुंडाच्या खालच्या अंगाला, जिथं एरवी परीट धुणं आपटतात.
हातात तुळस. पदर सारखा घसरत होता.
काठावर सगळं गोत,
देशमुख, देशपांडे, चौगुला, आडगावची बारा बलुती,
कसबे नाशिकचा काझीसुद्धा छत्री धरवून बसलेला.

विचारलं : येसाई, गंगा साक्ष ठेवून सांग,
मकाजी आधी का रायाजी?

एका रात्रीची पोरं.
एका वाटीतलं तेल दोघांच्या टाळूत जिरवलं.
आता भांडण असं,
की पाटीलकीच्या कागदावर नांगर कुणाचा वर,
पोळ्याला वेशीतून बैल कुणाचा पुढं,
विडा पहिला कुणाला.
चार वर्षं झाली,
एकमेकांच्या चुलीतला विस्तव घेत नाहीत.

एक शास्त्री म्हणाले, मागून आलेला थोरला,
कारण पोटात तो आधी राहिला.
दुसरे म्हणाले, बापानं ज्याचं तोंड आधी पाहिलं तो.
बाप तेव्हा मोहिमेवर होता.
सुईण मरून वीस वर्षं झाली.
आणि मी नाही सांगितलं तर
देवळापुढं कढईत तूप तापणार,
त्यातून रवा काढायचा,
त्या हातांनी
ज्यांची नखं मी दातांनी कुरतडून काढलीत.

मी म्हटलं, आधी मुलगी आली.

काठावर कुणी तरी खोकलं.

मुठीएवढी. दोनदा जांभई दिली,
तिसऱ्यांदा तोंड उघडलं ते तसंच राहिलं.
सुईणीनं तिला सुपात ठेवली, दाराशी.
मग हे आले. कोण कुणाच्या मागं
ते मी पाहिलंच नाही,
मी सुपाकडं बघत होते.
थोरली ती.

कारकुनानं बोरू दौतीत बुडवला,
पंचांकडं पाहिलं,
लिहिलं : बाईस स्मरण नाही.

मग चिठ्ठ्या टाकल्या. गुरवाच्या पोरानं उचलली.
रायाजीचा नांगर वर, मकाजीचा बोटभर खाली.
मकाजीनं पागोट्याचा शेव चावला, पण विडा घेतला.
तूप दिव्यांना गेलं.

सुताराचा वाकस झाला, न्हाव्याचा आरसा झाला.
बाईची निशाणी बांगडी.
माझे हात सात वर्षं उघडे,
तरी कागदाच्या तळाला त्यानं एक गोल काढला.

मी म्हटलं, दोन काढा.
मान वर न करता त्यानं दुसरा काढला.
त्याला वाटलं असेल, दोन हातांच्या.